यंत्राशेजारचे शिक्षण : कामगारांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या डिजिटल साधनांचे बडोद्याहून परीक्षण

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या यंत्रकाम कारखान्यात प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. सीएनसी लेथ (संगणकाने चालणारे लेथ), व्हीएमसी (संगणकाने चालणारी उभी मिलिंग-यंत्रे), काही जुने हातलेथ, तपासणीची टेबले आणि पॅकिंग असा आमचा पसारा आहे. कामगारांमध्ये बडोद्याची गुजराती मंडळी आहेत, गायकवाडी काळापासून येथेच रुजलेल्या मराठी घरांतील माणसे आहेत आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले तरुणही आहेत. कोणी आयटीआय करून आलेला असतो, तर कोणी दहावीनंतर थेट हाताशी धरला गेलेला असतो. अशा ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे महिन्यातून एकदा सभागृहात बसवून दाखवलेल्या स्लाइड्स आणि शेवटी घेतलेल्या सह्या, एवढाच अर्थ पुष्कळ वर्षे रूढ होता. तो बदलण्यासाठी आम्ही जी साधने वापरली, म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब, क्यूआर कोड, गूगल फॉर्म्स, मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली आणि एक विकत घेतलेली प्रशिक्षण-प्रणाली, त्यांचे हे परीक्षण आहे. आमच्यासारख्या लहान-मध्यम कारखान्यांतील पर्यवेक्षकांना आणि मालकांना ते उपयोगी पडावे, या हेतूने लिहीत आहे.

प्रथम कसोटी सांगितली पाहिजे, कारण कसोटी ठरवल्याशिवाय साधन चांगले की वाईट हे म्हणता येत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का आणि त्यातून कामाचा परिणाम सुधारला का. डिजिटल साधने विकणारे बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबतात. किती जणांनी पाहिले आणि किती जणांना आवडले, हे आकडे ते रंगीत वर्तुळांत दाखवतात. माझी कसोटी तिसऱ्या पायरीची आहे. कामगार यंत्रासमोर उभा असताना, नेमक्या अडलेल्या क्षणी, शिकवलेली गोष्ट त्याच्या हाताशी येते का आणि काही दिवसांनी ती त्याला पुन्हा विचारली जाते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर मी प्रत्येक साधन तोलले आहे.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करतो, कारण ते आधीच प्रत्येकाच्या खिशात असते. नवे ॲप उतरवून घ्यायचे नाही, पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही, वापरायला शिकवायचे नाही. ज्याला टंकलेखन जमत नाही तो बोलून निरोप पाठवतो, आणि ही सोय आमच्याकडच्या वयस्क कारागिरांसाठी फार मोलाची ठरली. रात्रपाळीत एखाद्या जॉबवर (यंत्रावर घडवल्या जाणाऱ्या भागावर) रेघा उमटू लागल्या, तर फोटो काढून त्यावर गोल करून विचारता येते आणि अनुभवी माणूस घरून सांगू शकतो की इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार गेली आहे, बदलून पाहा. शंका आणि उत्तर यांतील अंतर इतके कमी करणारे दुसरे साधन मला माहीत नाही. ग्रुपमध्ये १०२४ जणांपर्यंत सभासद घेता येतात, म्हणजे आमच्या आकाराच्या कारखान्याला जागेची अडचण नाही.

पण शंका विचारण्याचे ठिकाण आणि ज्ञान साठवण्याचे ठिकाण एकच असू नये, हे व्हॉट्सॲप वापरताना फार लवकर स्पष्ट होते. संभाषण वाहत जाते. सोमवारी दिलेले उत्तम उत्तर शुक्रवारपर्यंत सुप्रभातच्या चित्रांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले जाते, आणि नव्याने रुजू झालेल्या मुलाला मागचे सारे संभाषण आपोआप दिसत नाही. ज्याला त्या उत्तराची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापर्यंतच ते पोहोचत नाही. शिवाय निळ्या खुणा म्हणजे समजले असे धरण्याची सवय पर्यवेक्षकांना लागते. सुरक्षेची सूचना टाकली, खाली पन्नास अंगठे आले, की सूचना दिली गेली असे मानले जाते. अंगठा ही कर्कपॅट्रिकच्या पहिल्या पायरीचीसुद्धा खूण नव्हे. निरोप दिसला, एवढेच त्यातून कळते.

म्हणून आम्ही दोन भाग केले. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवला, त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकतात. आणि शंकांचा ग्रुप विभागवार ठेवला, त्यात सर्वांना बोलता येते. शंकांच्या ग्रुपमधील चांगली उत्तरे आठवड्यातून एकदा वेचून कायमच्या जागी नोंदवण्याचे काम एका माणसाला नेमून दिले आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते झाले नाही तर व्हॉट्सॲपवरचे शिक्षण वाऱ्यावर जाते.

येथे एका गोष्टीकडे मालकवर्गाचे लक्ष मुद्दाम वेधतो. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सभासदाचा फोन नंबर इतर सर्वांना दिसतो. तपासणी आणि पॅकिंग विभागांत काम करणाऱ्या स्त्रियांना हे नको असते, आणि त्यांची अडचण पूर्णपणे रास्त आहे. कामासाठी दिलेला नंबर शंभर अनोळखी माणसांच्या हाती का पडावा? व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी या रचनेत सूचनांच्या ग्रुपमधील सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ते ॲडमिनलाच दिसतात. कारखान्याच्या पातळीवरच्या सूचनांसाठी हीच रचना वापरावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर कर्मचाऱ्यांची माहिती कशी हाताळावी याचा विचार कारखान्यांना करावाच लागणार आहे, परंतु कायदा नसता तरीही हे करणे योग्यच होते.

आता व्हिडिओकडे वळतो, कारण या साऱ्या खटाटोपात खरा लाभ तेथे झाला. बडोद्याला दाखवून शिकवण्याची परंपरा नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले, त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती, आणि कारागिरीचे शिक्षण देशी भाषेतून मिळावे हा त्यांचा आग्रह होता. पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे संस्थानाने गावोगावी ग्रंथालये उभारली, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्नही या संस्थानाला पडला होता; ग्रंथालय खात्यात दृक्-शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती आणि ती खेड्यांत जाऊन मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे दाखवीत असे. कामगाराला त्याच्या भाषेत, डोळ्यांसमोर करून दाखवून शिकवावे, ही कल्पना या शहराने फार पूर्वी स्वीकारलेली आहे. आज एका साध्या फोनने ती कोणत्याही कारखान्याला परवडू लागली आहे.

बाजारात तयार व्हिडिओ पुष्कळ मिळतात. एनपीटीईएल हा आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा उपक्रम यूट्यूबवर विनामूल्य आहे, आणि उत्पादन-प्रक्रियांवरील त्याची व्याख्याने अभियंत्यांसाठी उत्तम आहेत. २०१७ साली सुरू झालेले स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ, आयटीआयच्या अभ्यासक्रमांसाठी केंद्र सरकारने उभारलेले भारत स्किल्स, हेही पाहण्यासारखे आहेत. विशेषतः भारत स्किल्सवरील प्रश्नसंच आम्हांला शिकाऊ उमेदवारांसाठी उपयोगी पडले. तरीही आमच्या कामगाराला सर्वाधिक उपयोग झाला तो आमच्याच कारखान्यात, आमच्याच यंत्रावर, आमच्याच उस्तादाने करून दाखवलेल्या व्हिडिओंचा. दुसऱ्या यंत्राचे पॅनल वेगळे असते, बटणांच्या जागा वेगळ्या असतात, आणि नवशिक्या माणसाला एवढा फरकही गोंधळात टाकतो.

हे व्हिडिओ कसे काढावेत याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या : कामगाराची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि पुढे लक्ष ठेवणे. दाखवताना कामाच्या मुख्य पायऱ्या, प्रत्येक पायरीतील कळीचा मुद्दा आणि तो मुद्दा का महत्त्वाचा आहे, हे तिन्ही सांगायचे असते. व्हिडिओ यांपैकी दुसरी पायरी फार चांगली पार पाडतो. पहिली, तिसरी आणि चौथी त्याला करता येत नाही. ही मर्यादा मान्य करून आम्ही दर व्हिडिओ एकाच कामापुरता आणि दोन-तीन मिनिटांचा ठेवला, आणि चित्रीकरणाआधी पायरी, कळीचा मुद्दा व कारण असा तीन रकान्यांचा कागद तयार करण्याचा नियम केला. कारणाचा रकाना भरताना उस्ताद मंडळींनाही विचार करावा लागला, कारण हाताला जे वर्षानुवर्षे ठाऊक असते ते शब्दांत मांडण्याची वेळ सहसा येत नाही.

उदाहरण देतो. सीएनसी लेथवर बाहेरचा व्यास ४०.०० मिलिमीटर हवा आहे आणि मोजल्यावर ४०.०५ भरतो. आता वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराची झीज भरून काढण्यासाठी पॅनलवर असलेल्या रकान्यात, किती आकडा घालावा? बहुतेक सीएनसी लेथवर एक्स अक्षाचे आकडे व्यासाचे असतात, म्हणून उणे ०.०५ घालायचे, पण हातलेथवर क्रॉस-स्लाइड (हत्यार आडवे सरकवणारा भाग) फिरवण्याची सवय असलेला माणूस त्रिज्येच्या हिशेबाने निम्मा करून उणे ०.०२५ घालतो, आणि चिन्ह चुकले तर जॉब आणखी जाड होतो. ही गोष्ट फळ्यावर समजावली तर माना डोलतात. व्हिडिओत पॅनलवरचा आकडा, मायक्रोमीटरवरचे माप आणि पुढच्या जॉबचे माप एकामागून एक दिसते, तेव्हा ती डोक्यात पक्की बसते.

कॅमेरा कोठे धरावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यावरच व्हिडिओचा उपयोग अवलंबून असतो. समोरून चित्रीकरण केले की पाहणाऱ्याला उजवे-डावे उलटे करून समजून घ्यावे लागते. म्हणून कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून धरावा. उस्तादाला जे दिसते तेच शिकणाऱ्याला दिसले पाहिजे. आमच्याकडचे एक ज्येष्ठ टर्नर, ज्यांना सारे काका म्हणतात, ते चित्रीकरणाला तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, ‘‘हात दाखवा, माझं तोंड नको.’’ त्यांच्या या अटीतच चांगल्या प्रशिक्षण-व्हिडिओचा नियम सापडला, कारण शिकणाऱ्याला हातच पाहायचे असतात. त्यांनी गुजरातीत बोलून केलेला चक (जॉब घट्ट पकडून फिरवणारा भाग) बसवण्याचा व्हिडिओ आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा उघडला जातो; चकमध्ये चावी असेपर्यंत चावीवरचा हात काढायचा नाही, हे त्यांनी त्यात ज्या स्वाभाविकपणे करून दाखवले आहे, तसे कोणत्याही सुरक्षा-फलकाला जमणार नाही.

भाषेबाबत आमचा निर्णय असा आहे की मूळ बोलणे उस्तादाला ज्या भाषेत सहज येते त्या भाषेत असावे, आणि त्याच दृश्यांवर हिंदी आवाजाची दुसरी प्रत करावी. यंत्रांच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत मजकूर दृश्यावर यावा. तो आपण स्वतः लिहावा; ऑफसेट, चक, बर, गो-नोगो गेज असे शब्द आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांवर सोडणे जोखमीचे आहे.

हे व्हिडिओ आम्ही यूट्यूबवर ठेवले. तेथे साठवणुकीचा खर्च नाही, मंद इंटरनेटवर चित्राची प्रत आपोआप कमी होऊन व्हिडिओ चालू राहतो, आणि वेग कमी करून पाहण्याची सोय आहे, जी हातांच्या हालचाली शिकताना फार उपयोगी पडते. मात्र अनलिस्टेड आणि प्रायव्हेट यांतील फरक मालकांनी समजून घ्यावा. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात सापडत नाही, पण ज्याच्याकडे दुवा आहे तो कोणीही तो पाहू शकतो आणि पुढे पाठवू शकतो; प्रायव्हेट व्हिडिओ आपण निवडलेल्यांनाच दिसतो. म्हणून ज्या दृश्यात ग्राहकाचे ड्रॉइंग, भागाचा क्रमांक किंवा गोपनीय जॉब दिसतो, ते यूट्यूबवर अनलिस्टेडसुद्धा ठेवू नये. चित्रीकरणापूर्वी टेबल आवरणे आणि भिंतीवरचे कागद काढणे हा आम्ही लेखी नियम केला आहे. चित्रित होणाऱ्या कामगाराची संमतीही लेखी घेतो, आणि तो नोकरी सोडून गेल्यावर त्याने सांगितल्यास व्हिडिओ काढून टाकण्याचे मान्य करतो.

व्हिडिओ तयार झाला तरी तो यंत्रापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि येथे क्यूआर कोडने जे काम केले ते या सबंध परीक्षणात मी सर्वांत वर ठेवतो. हा कोड मुळात कारखान्यासाठीच जन्मला : १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. त्यामुळे तेल, धूळ आणि ओरखडे यांचा विचार त्यात पहिल्यापासून आहे. कोड तयार करताना चुकीच्या दुरुस्तीच्या चार पातळ्या मिळतात; एच ही सर्वोच्च पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, सर्वांत खालच्या एल पातळीवर हे प्रमाण सुमारे ७ टक्के असते. यंत्राच्या अंगावर चिकटवायचा कोड एच पातळीचाच असावा. त्यात ठिपके दाट होतात, म्हणून तो जरा मोठा छापावा आणि लॅमिनेट करून कूलंट (कापताना थंडावा देणारे द्रव) उडणार नाही अशा बाजूस लावावा.

आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या कोणी आधी सांगत नाही. विनामूल्य कोड बनवून देणाऱ्या काही संकेतस्थळांचा कोड थेट आपल्या व्हिडिओकडे नेत नाही, तो त्यांच्या मधल्या दुव्याकडे नेतो आणि मुदत संपली की बंद पडतो. म्हणून दुवा थेट कोडात उतरलेला साधा, न बदलणारा कोडच बनवावा. दुसरे असे की यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. कामाची पद्धत बदलली, नवा व्हिडिओ काढला, तर दुवा बदलतो आणि यंत्रावरचे सारे कोड निकामी होतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्रासाठी गूगल साइट्सवर एक साधे पान करावे, कोड त्या पानाकडे न्यावा, आणि व्हिडिओंची यादी त्या पानावर हवी तेव्हा बदलावी. आमच्या पानावर त्या यंत्राचे व्हिडिओ, रोजच्या तपासणीची यादी आणि शंकांच्या ग्रुपमधून वेचलेली उत्तरे, एवढेच असते.

यंत्राजवळ फोन न्यावा की नाही, हा वाद आमच्याकडेही झाला आणि सुरक्षेच्या बाजूने निकाल लागणे योग्यच होते. फिरत्या चकसमोर उभे राहून फोन पाहणे धोक्याचे आहे. म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला, यंत्रांपासून सुरक्षित अंतरावर, खांबाला एक टॅबलेट बसवला आहे. यंत्र थांबवायचे, चार पावले जायचे, पाहायचे आणि परत यायचे. या चार पावलांमुळे पाहणे कमी होईल अशी शंका काहींना होती. अडलेला माणूस चार पावले नक्की जातो, असे आम्हांला दिसले.

दाखवण्याइतकेच विचारणेही महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी गूगल फॉर्म्स पुरेसे आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी एक नेमका प्रश्न विचारणे अधिक फलदायी असते, असा अर्थ मी त्यातून घेतला आणि सूचनांच्या ग्रुपवर ठरावीक वारी एकच प्रश्न पाठवू लागलो.

प्रश्न कसा असावा, यातच सारे कौशल्य आहे. ‘सुरक्षा महत्त्वाची आहे का’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते आणि ते कोणालाच काही शिकवीत नाही. आमचा एक प्रश्न असा होता : मायक्रोमीटरचा फोटो, स्लीव्हवर (स्थिर नळीवर) १२ नंतरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसते आहे, थिंबलवर (फिरत्या नळीवर) ३७ जुळले आहे; माप किती? बरोबर उत्तर १२.८७. पर्यायांत १२.३७ दिले होते, कारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ न पाहणारा माणूस नेमके तेच उत्तर देतो. पर्याय असे खऱ्या चुकांतून घेतले, की कोण कोठे चुकतो हे न विचारता कळते. फॉर्ममध्ये चुकीच्या उत्तराखाली स्पष्टीकरण आणि व्हिडिओचा दुवा देता येतो, त्यामुळे चुकलेला माणूस लगेच योग्य जागी पोहोचतो. उत्तरे आपोआप शीटमध्ये जमा होतात. एक अडचण लक्षात ठेवावी : एका माणसाचे एकच उत्तर घ्यायचे असे ठरवले तर गूगल खात्यात प्रवेश करावा लागतो, आणि पुष्कळांना आपला पासवर्ड आठवत नाही. आम्ही ती अट काढून कर्मचारी क्रमांक लिहून घेतो. या उत्तरांवरून कोणाची कानउघाडणी करायची नाही किंवा वेतनवाढ ठरवायची नाही, हे व्यवस्थापनाकडून लेखी घेतले आहे. तसे झाले तर लोक शेजाऱ्याला विचारून उत्तरे भरतील आणि साधन निरुपयोगी होईल.

विकत घेतलेल्या प्रशिक्षण-प्रणालीबद्दल थोडक्यात लिहितो. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण दोष एका विक्रेत्याचा नसून त्या प्रकारच्या मांडणीचा आहे. तयार अभ्यासक्रम परदेशी कारखान्यांचे होते, भाषा पुस्तकी हिंदी होती, आणि पूर्णतेची खूण मिळवण्यासाठी व्हिडिओ चालू ठेवून उठून गेले तरी चालत असे. अहवाल सुंदर येत. कामगाराच्या हातात मात्र काही पडले नाही. वर्षाचे शुल्क संपल्यावर आम्ही ती बंद केली. अशी प्रणाली घेऊ पाहणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी विचारावे की आपण तयार केलेले धडे स्कॉर्म या, वेगवेगळ्या प्रशिक्षण-प्रणालींत चालणाऱ्या, मान्य स्वरूपात बाहेर काढता येतात का. नाही म्हटले तर विक्रेता बदलताना सारे श्रम तेथेच राहतील.

मूडल त्या मानाने प्रामाणिक साधन आहे. मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेल्या या मुक्त प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली आली. ती विनामूल्य आहे आणि शंभराहून अधिक भाषांत तिची भाषांतरे झाली आहेत. पण तिच्यासाठी सर्व्हर लागतो, देखभाल करणारा माणूस लागतो, आणि लॉग-इन करणे आमच्या शॉप-फ्लोअरवरच्या माणसाला जड जाते. म्हणून आम्ही मूडल नोंदींपुरते ठेवले. मोटारउद्योगाला भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता-मानकानुसार प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची आणि सक्षमतेची नोंद दाखवावी लागते. ऑडिटच्या वेळी कोणाला कोणत्या यंत्रावर कोणी तपासून मान्यता दिली हे एका ठिकाणी मिळते, हा मूडलचा खरा उपयोग आहे. पर्यवेक्षकांसाठी आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी ते पूर्ण वापरायला हरकत नाही.

समाजमाध्यमांवरील लहान व्हिडिओंविषयी मात्र काळजीने लिहावेसे वाटते. तरुण मुले रील्स आणि शॉर्ट्स पाहून यंत्रकाम शिकतात, आणि ती आवड खरी आहे. पण त्यांत हातमोजे घालून फिरत्या जॉबवर एमरी पेपर धरणारे, सैल बाह्यांनी लेथ चालवणारे, हाताने चिप (धातूचा कीस) ओढणारे लोक सर्रास दिसतात. फिरत्या यंत्राशी हातमोजा गुंतला तर हात सोबत जातो. अशा व्हिडिओंवर बंदी घालून उपयोग होणार नाही, कारण ते घरी पाहिले जातात. आम्ही पंधरवड्यातून एकदा कामगारांनीच पाठवलेला असा एखादा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावतो, आणि त्यात कोठे धोका आहे हे त्यांनाच ओळखायला सांगतो. या बैठकीत नव्या मुलांची नजर जितकी तयार झाली, तितकी कोणत्याही सुरक्षा-व्याख्यानाने झालेली मी पाहिली नाही. समाजमाध्यमाचा प्रशिक्षणासाठी मला दिसलेला हा सर्वांत चांगला उपयोग आहे.

ज्याला आजच सुरुवात करायची आहे अशा कारखान्याने क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा, असे मी सुचवीन. सर्वाधिक जॉब वाया जाणारे एक यंत्र निवडावे. त्यावरच्या सर्वांत अनुभवी माणसाकडून तीन-चार कामे करून घेऊन खांद्यामागून चित्रित करावीत. त्या यंत्राचे पान करावे, एच पातळीचा कोड लावावा, आठवड्याला एक प्रश्न विचारावा. व्हॉट्सॲपचा शंकांचा ग्रुप त्याच यंत्रापुरता काढावा. या साऱ्याला एक फोन, एक ट्रायपॉड आणि एक टॅबलेट, एवढाच खर्च आहे. प्रणाली विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.

आणि वेळेचा प्रश्न आधी सोडवावा. आमच्याकडे पहिल्यांदा व्यवस्थापनाची अपेक्षा अशी होती की व्हिडिओ कामगारांनी घरी, स्वतःच्या डेटावर पाहावेत. बारा-बारा तास उभा राहून घरी गेलेला माणूस तसे करणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणे न्याय्यही नाही. कारखान्याच्या कामासाठी लागणारे शिक्षण कारखान्याच्या वेळेतच झाले पाहिजे. आता पाळी बदलतानाची दहा मिनिटे यासाठी राखली आहेत आणि ती हजेरीत धरली जातात. जाणारी आणि येणारी पाळी त्या वेळी यंत्राजवळ एकत्र असते. आदल्या पाळीतील अडचण, तिच्यावरचा व्हिडिओ आणि त्या आठवड्याचा प्रश्न, एवढे त्यात होते. ज्यांनी प्रश्नाचे उत्तर चुकवले त्यांना बरोबर उत्तर दिलेले कामगारच समजावून सांगतात, बहुधा गुजरातीत, कधी हिंदीत, आणि आमच्या तपासणी विभागात क्वचित मराठीतही.